अर्ज कोण भरतो?
(पदवी शिक्षणातील सल्ल्याचा प्रश्न आणि दलित आत्मकथने)

दलित आत्मकथनांची समीक्षा आपल्याकडे भरपूर झाली. वेदना, विद्रोह आणि नकार या तीन शब्दांभोवती ती बहुधा फिरली. भाषेची चर्चा झाली, अश्लीलतेचे वाद झाले, 'हे साहित्य की समाजशास्त्र' असे प्रश्नही विचारून झाले. पण या आत्मकथनांतून पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका प्रसंगाकडे समीक्षेने फारसे पाहिले नाही. तो प्रसंग अर्जाचा आहे. शाळेच्या, वसतिगृहाच्या, सवलतीच्या किंवा महाविद्यालयाच्या अर्जापाशी आपला नायक उभा असतो. त्याच्या घरात त्या अर्जातले एक अक्षरही कुणाला वाचता येत नाही. टेबलापलीकडचा माणूस विचारतो, 'कोणता विषय?' आणि आपला नायक गप्प राहतो.

या गप्प राहण्याला आपण वेदना म्हटले आणि पुढे गेलो. माझ्या मते तिथे थांबायला हवे होते. कारण तो क्षण भावनेचा आहे तसाच संस्थेचाही आहे. कोणी काय शिकावे, कोणत्या विषयाने कोणते दार उघडते आणि कोणते कायमचे बंद होते, हे ज्ञान त्या टेबलाच्या एका बाजूला असते आणि दुसऱ्या बाजूला नसते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांना हा सल्ला जेवताना मिळतो. काका सांगतो, आत्या सांगते, शेजारचे वकील सांगतात. आपल्या मुलाला तो विद्यापीठाने दिला तरच मिळतो, आणि विद्यापीठ तो देत नाही. या लेखात मला याच प्रश्नाचा विचार करायचा आहे: पदवीच्या विद्यार्थ्याला सल्ला कोण देतो, आणि कोणीच देत नाही तेव्हा त्याच्यासाठी निर्णय कोण घेते?

१

आधी माझ्या अर्जाविषयी सांगतो. मी तेरचा. आई शेतमजूर, वडील हमाली करायचे. बारावी पास होऊन एका महाविद्यालयाच्या खिडकीपाशी उभा राहिलो तेव्हा आई सोबत होती. विषयांच्या रकान्यात काय लिहायचे हे मला ठाऊक नव्हते. आत बसलेल्या कारकुनाने माझ्या जातीच्या दाखल्याकडे पाहिले आणि म्हणाला, "मराठी घे, इतिहास घे, समाजशास्त्र घे. तुमच्या पोरांना बरं पडतं." आई म्हणाली, "साहेब म्हणतेत ते लिही." मी लिहिले.

पुढे मी मराठीवर प्रेम केले. आज मराठी शिकवतो आणि त्यावर जगतो. त्यामुळे माझी फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. पण आवड आणि निवड या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ती आवड मला नंतर लागली. निवड मात्र कारकुनाने केली होती, आणि ती माझ्या गुणपत्रिकेवरून नव्हे तर जातीच्या दाखल्यावरून केली होती. बारावीला मला अर्थशास्त्रात चांगले गुण होते. हे त्याने विचारले नाही, आणि हे सांगायचे असते हे मला माहीत नव्हते.

'तुमच्या पोरांना बरं पडतं' या वाक्याला आपल्या भागात मोठा इतिहास आहे. १९४१ च्या फेब्रुवारीत आमच्या जवळच्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली होती आणि बाबासाहेब तिला आले होते. वतन म्हणजे काय? गावाने जन्माबरोबर हातात दिलेला कामाचा अर्ज. तो आधीच भरलेला असतो. कोणी सांगावा पोचवायचा, कोणी मेलेले ढोर ओढायचे, कोणी दोर वळायचे हे विचारायची गरजच पडत नाही. वतनाची व्यवस्था कायद्याने गेली. पण जिथे माणसाला निवड करता यावी म्हणून ज्ञान दिले जात नाही, तिथे निवड रिकामी राहत नाही. तिच्या जागी जुनी सवय येऊन बसते. सल्ला नसतो तिथे वतन चालते. कारकून दुष्ट नव्हता. तो फक्त जुन्या वहीतून वाचत होता.

२

आता आत्मकथनांकडे वळू. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) अर्ज अडतो तो विषयाच्या रकान्यापर्यंत पोचण्याआधीच. 'वडिलांचे नाव' हा रकानाच तिथे भिंत होऊन उभा राहतो. कागदाला बाप हवा असतो आणि समाजाने तो नाकारलेला असतो. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' (१९७९) या मराठवाड्याच्या मातीतल्या पुस्तकात पोरका मुलगा बहिणीच्या आश्रयाने, पोटाला चिमटा घेत शिकतो. शिक्षणाचा पुढचा टप्पा त्याला कुणाच्या ना कुणाच्या दयेवर गाठावा लागतो. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) भटक्या कैकाडी कुटुंबातला बाप पोराला शाळेत घालतो, आणि शाळा म्हणजे काय, तिथून कुठे जातात, याची वाट त्या घराला पायाखाली चाचपडतच शोधावी लागते.

कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण त्यात विषयाची निवड हाच संघर्षाचा मुद्दा आहे. दलित मुलगी संस्कृत शिकू पाहते. शाळेतले गोखले गुरुजी तिला मनापासून शिकवतात. पुढे विद्यापीठात मात्र 'तुम्ही आणि संस्कृत?' ही नजर भेटते. एम.ए. उत्तम रीतीने पूर्ण होऊनही नोकरी मिळत नाही. ती मिळते आंतरजातीय विवाहानंतर, आडनाव बदलल्यावर. एकाच पुस्तकात सल्ल्याची दोन्ही रूपे आहेत. एक शिक्षक विद्यार्थिनीकडे पाहून विषय शिकवतो, तर एक संस्था आडनावाकडे पाहून विषयाची लायकी ठरवते.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आणखी एक पदर उलगडतो. लग्न, मुले, नोकरी सांभाळून बाई एम.ए. करू पाहते, आणि आता प्रश्न विचारणारा कारकून घरातच असतो. 'कशाला हवे आहे आता शिक्षण?' हा प्रश्न आपल्या चळवळीतल्या घरांतही विचारला गेला, हे कबूल करायला हवे.

ही सगळी पुस्तके एकत्र ठेवून वाचली की एक गोष्ट स्पष्ट दिसते. यात सल्ला देणारा माणूस भेटतो, पण सल्ला देणारी संस्था जवळजवळ भेटत नाही. एखादे गुरुजी, एखादा वसतिगृहाचा अधीक्षक, एखादा आधी शिकलेला गाववाला भेटतो. तो भेटला म्हणून पुस्तक लिहिले गेले. तो ज्यांना भेटला नाही त्यांची पुस्तके नाहीत. आत्मकथन वाचताना आपण वाचलेल्याचे चरित्र वाचत असतो, बुडालेल्यांची गणती त्यात नसते.

इथेच मला आपल्या समीक्षेशी भांडायचे आहे. आपण या पुस्तकांतल्या जिद्दीचा गौरव केला. 'प्रतिकूल परिस्थितीवर मात' हे वाक्य प्रस्तावनांतून, सत्कारांतून, पाठ्यपुस्तकांच्या टिपांतून इतके वापरले की ते गुळगुळीत झाले. पण जिद्दीचा प्रत्येक गौरव हा संस्थेच्या निष्क्रियतेला दिलेला दाखलाही असतो. विद्यार्थ्याला जिद्द लागली, कारण वाट नव्हती. वाट असती तर त्याने ती शक्ती शिकण्यात घातली असती. अर्ज भरण्यात आयुष्याची ताकद खर्ची पडावी, हा काही मोठेपणा नव्हे.

३

खुद्द बाबासाहेबांच्या जीवनात हा प्रश्न किती उघड दिसतो! शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. म्हणजे आपल्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या विद्यार्थ्याचा विषयही जातीने ठरवला होता. दुसरीकडे चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर भेटले. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. पुढे सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेऊन दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीची सोय करून दिली. या दोन गोष्टी, पुस्तक आणि शिष्यवृत्ती, एकाच माणसाने दिल्या हे लक्षात घ्या. खरा सल्लागार 'काय वाच' एवढेच सांगून थांबत नाही. 'पैसे कुठून येतील' हेही तो सांगतो.

१९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे विषय निवडण्याचे मोकळे स्वातंत्र्य होते. तिथल्या नोंदीनुसार त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. संस्कृत नाकारल्या गेलेल्या मुलाला विषयांचे अख्खे रान मोकळे मिळाल्यावर त्याने काय केले, ते या आकड्यांत दिसते. पण तिथे सेलिग्मन होते, ड्यूई होते. प्राध्यापकाच्या खोलीत जाऊन विचारण्याची रीत होती. स्वातंत्र्य आणि सल्ला ही जोडी होती.

बाबासाहेबांना हा मुद्दा व्यक्तीपुरता वाटला नाही. १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी अशी भूमिका घेतली की उच्च शिक्षण गरजू आणि गरिबांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे काम आहे. १९४२ साली व्हाईसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या माणसांचे भागणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. 'शिका' एवढेच सांगून बाबासाहेब थांबले नाहीत; काय शिका, कुठे शिका, त्याला पैसा कोण देणार, हेही त्यांनी मांडले. आपण घोषणेतला पहिला शब्द उचलला आणि हा तपशील सोडून दिला. गावागावांत पहिल्या पदवीधराची मिरवणूक काढली. पदवी कशातली आहे आणि त्या पदवीने पुढे काय करता येईल, हे त्या मिरवणुकीत कुणी विचारले नाही.

१९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले आणि पुढे त्याला 'मिलिंद' हे नाव दिले. परिसर झाला नागसेनवन. या नावांचा अर्थ आपण पुरेसा घेतलेला नाही. मिलिंद राजा हा विचारणारा आहे आणि भिक्खू नागसेन उत्तर देणारा. म्हणजे महाविद्यालयाला नाव दिले ते गुरूचे नव्हे. ते प्रश्न विचारणाऱ्याचे! आणि त्या ग्रंथातली अट अशी, की चर्चा पंडितासारखी होणार असेल तरच होईल, राजासारखी होणार असेल तर नाही. पंडितांच्या चर्चेत चूक दाखवली तर कोणी रागावत नाही, राजाच्या चर्चेत विरोध करणाऱ्याला शिक्षा होते. सल्ल्याची याहून चांगली व्याख्या मला आजच्या कोणत्याही परिपत्रकात सापडलेली नाही. सल्ल्यात विद्यार्थ्याने विचारायचे असते, त्याला विरोध करता आला पाहिजे आणि त्याबद्दल शिक्षा होता कामा नये.

४

आता आजच्या विद्यापीठाकडे पाहू. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. त्याच्या नावासाठी १९७८ पासून काय काय सोसावे लागले, घरे जळाली, माणसे मेली, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ज्या नावासाठी रक्त सांडले त्या नावाच्या विद्यापीठात आणि त्याला जोडलेल्या महाविद्यालयांत आपल्या मुलाला विषय निवडताना कोणी शेजारी बसते का, हा प्रश्न त्या लढ्याचाच पुढचा भाग आहे. नाव पाटीवर आले. ते अर्जाच्या टेबलापर्यंत आले पाहिजे.

नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला सुरू झाली. मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे रकाने आणि प्रत्येकाला श्रेयांक. तीन वर्षांत १२० ते १३२ श्रेयांक झाले की पदवी, चार वर्षांत १६० ते १७६ झाले की सन्मान पदवी. कागदावर हे कोलंबियाच्या मोकळ्या रानासारखे दिसते. विद्यार्थ्याने आपल्या आवडीने विषय घ्यावेत, मला हे तत्त्व मान्यच आहे. पण निवडीचे रकाने वाढले आणि सल्ला वाढला नाही, तर काय होते? पूर्वी मुलगा एकदा चुकायचा, आता तो प्रत्येक सत्रात चुकू शकतो.

आमच्या भागात अर्ज आता कारकून भरत नाही, नेट कॅफेवाला भरतो. जूनमध्ये तिथे रांग असते. यादीत वर असलेला विषय पटकन दाबला जातो, कारण मागे वीस जण उभे असतात. बी.ए.ला घेतलेला विषय पुढे एम.ए.चा दरवाजा ठरवतो. बी.एड.ला कोणती अध्यापन पद्धती मिळेल आणि शाळेत काय शिकवता येईल, हेही त्यावरच ठरते. आणि हा विषय पन्नास-शंभर रुपयांत एक अनोळखी मुलगा दाबतो. त्या पोराचा दोष नाही. तो आजचा कारकून आहे, आणि त्याचीही वही जुनीच आहे.

धोरणात 'बाहेर पडण्याची' सोय आहे. पहिल्या वर्षानंतर ४० ते ४४ श्रेयांक आणि वर ४ श्रेयांकांचे कौशल्याचे काम केले की प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर ८० ते ८८ श्रेयांक आणि तेवढेच जादा काम केले की पदविका. पुन्हा आत येता येईल असेही म्हटले आहे. हे दार कोणासाठी आहे, याचा विचार करा. ज्याच्या घरी पैसा आहे तो या दाराने बाहेर जाऊन परत येईल. ज्याच्या घरी कर्ज आहे, जिचे लग्न ठरते आहे, ज्याला मुकादमाची उचल फेडायची आहे, तो बाहेर जाईल आणि दार मागे लागेल. पूर्वी त्याला गळती म्हणत आणि गळतीचा जाब विचारता येत असे. आता त्याच्या हातात प्रमाणपत्र असेल. मग जाब कोणाला विचारायचा?

५

इथे मला एक कबुली द्यायची आहे.

आमच्याकडे 'मार्गदर्शक-विद्यार्थी' नोंदवही असते. बहुतेक महाविद्यालयांत असते, कारण मूल्यमापनाच्या वेळी ती दाखवावी लागते. प्रत्येक शिक्षकाला काही विद्यार्थी वाटून दिलेले असतात. वहीत रकाने असतात: नाव, जात, पत्ता, समस्या, केलेले मार्गदर्शन, सही. एका वर्षी समिती येण्याच्या आधी दोन दिवस आम्हाला वह्या पूर्ण करायला सांगितल्या. माझ्या वाट्याला चाळीस नावे होती. मी एका रात्रीत चाळीस वेळा 'समस्या' या रकान्यात 'निरंक' असे लिहिले आणि चाळीस सह्या केल्या. समितीने वही उलटली आणि समाधान व्यक्त केले.

त्या चाळीसांत एक मुलगी होती. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि पहिल्या सत्राची परीक्षा त्याच दिवसांत येते. ती परीक्षेला बसली नाही. फेब्रुवारीत ती मला बसथांब्यावर भेटली. मी विचारले, "का गं, गेलीस कुठे?" ती म्हणाली, "सर, धाकल्या भावाला सांभाळाया कुणी न्हवतं. कोयत्यावर गेले." मग थोडे थांबून म्हणाली, "तसं बी मला भूगोल पायजे होता. मला नकाशे आवडतेत. फारम नेटवाल्यानं भरला. मंग मन लागंना."

मी घरी येऊन माझ्या जवळची नोंदवहीची प्रत उघडली. तिच्या नावापुढे माझ्या अक्षरात लिहिले होते: निरंक.

मी पहिल्या पिढीचा पदवीधर. माझा अर्ज दुसऱ्याने भरला म्हणून मी वर एवढे लिहिले, आणि इथे मी स्वतः तो कारकून झालो होतो. मला सबबी आहेत. मी तासिका तत्त्वावर काम करतो. पूर्णवेळ अध्यापकाला आठवड्याला ४० तासांचा कार्यभार असतो आणि त्यात विद्यार्थ्यांना भेटण्याचा वेळ धरलेला असतो. मला पैसे मिळतात ते फक्त फळ्यासमोरच्या तासाचे. झाडाखाली उभे राहून एखाद्या मुलीशी अर्धा तास बोललो तर तो माझ्या बिलात कुठेच येत नाही. जागा रिकाम्या आहेत, भरती होत नाही आणि विभाग तासिकावाल्यांवर चालतो. हे सर्व खरे आहे. पण त्या मुलीच्या नावापुढे 'निरंक' लिहायला मला कोणी पैसे दिले नव्हते.

६

आमच्या तेरची ओळख गोरोबाकाकांचे गाव अशी आहे. संतपरंपरेकडे आपण टीकेनेच पाहतो आणि पाहिले पाहिजे. चोखोबा पायरीशीच राहिला हे विसरून चालणार नाही. पण गोरोबांच्या दोन आख्यायिका मला या संदर्भात सारख्या आठवतात.

पहिली सगळ्यांना माहीत आहे. संतमंडळी जमलेली असताना गोरोबांनी मडके तपासायच्या थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरवले. ही गोष्ट परीक्षेची म्हणून सांगितली जाते. पण तिचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. नामदेव रागावले, विठ्ठलाकडे गेले आणि त्यांना विसोबा खेचरांकडे जाण्यास सांगितले गेले. म्हणजे कच्चा ठरवलेल्याला पत्ता मिळाला. कुंभाराला हे ठाऊक असते की कच्चे मडके हे वाईट मडके नव्हे. ते फेकायचे नसते, भाजायचे असते. आपल्या विद्यापीठाकडे थापटणी पुष्कळ आहेत: सत्र परीक्षा, अंतर्गत गुण, प्रवेश परीक्षा, पात्रता परीक्षा. 'नापास', 'अपात्र', 'तुला झेपणार नाही' हे निकाल भराभर लागतात. पत्ता मात्र कोणी देत नाही.

'तुला झेपणार नाही' या वाक्यापाशी थोडे थांबले पाहिजे. सल्ला वाढवा म्हटले की लगेच काही जण पुढे येतात, आणि आपल्या मुलांना 'सोपे' विषय सुचवतात. गणित नको, इंग्रजी नको, संशोधन नको. त्यापेक्षा एखादे कौशल्य घे, लवकर पोटाला लाग. हा सल्ला नव्हे, हा निवाडा आहे. सल्ला वाटा दाखवतो आणि निवड विद्यार्थ्याकडे ठेवतो. निवाडा मात्र निवड आपल्याकडे ठेवून वाट बंद करतो. कोणतीही सुधारणा करताना ही कसोटी लावली नाही, तर नव्या खोलीत जुना कारकून बसेल.

दुसरी आख्यायिका अधिक भयंकर आहे. गोरोबा चिखल तुडवत होते आणि नामस्मरणात इतके तल्लीन होते की स्वतःचे मूल पायाखाली आले तरी त्यांना कळले नाही. कीर्तनात ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगतात. मला ती आता संस्थेची वाटते. मूल्यांकन, श्रेणी, अहवाल, छायाचित्रे या नामस्मरणात आपली महाविद्यालये दंग आहेत. पाय चालूच आहेत. खाली कोण आले ते कोणी पाहत नाही. आणि आख्यायिकेत मूल परत मिळते, इथे मिळत नाही.

७

मग करायचे काय? केवळ टीका करून थांबणे हे माझ्यासारख्या आत बसलेल्या माणसाला शोभणार नाही. काही गोष्टी अशा आहेत की त्यांना पैसा फार लागत नाही.

पहिली गोष्ट, अर्ज महाविद्यालयातच भरला जावा, आणि भरताना एक शिक्षक आणि त्याच भागातला एक वरच्या वर्गातला विद्यार्थी शेजारी बसावा. प्रत्येक विषयापुढे 'यातून कुठे जाता येते आणि कुठे जाता येत नाही' हे साध्या मराठीत लिहिलेला तक्ता भिंतीवर असावा. निवड सक्तीने त्याच दिवशी करून घेऊ नये. घरी जाऊन, विचारून, दोन दिवसांनी येण्याची मुभा असावी.

दुसरी, शिष्यवृत्तीची खिडकी आणि विषयाचा सल्ला या दोन गोष्टी एकाच टेबलावर याव्यात. एका पातळीचे शिक्षण पूर्ण करून त्याच पातळीचे दुसरे घेतले तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. चुकीची पदवी घेऊन नंतर सुधारू म्हणणाऱ्या गरीब मुलाला हा नियम आधी कळला पाहिजे. स्वाधार योजना, वसतिगृह, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी यांच्या तारखा हा आपल्या मुलांच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. केळुसकरांनी पुस्तक आणि शिष्यवृत्ती एकत्र दिली, ती उगीच नाही.

तिसरी, सल्ल्याचा तास वेळापत्रकात यावा आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला त्याचे मानधन मिळावे. जे वेळापत्रकात नाही ते महाविद्यालयात नाही.

चौथी, नोंदवही बदलावी. पहिला रकाना 'विद्यार्थ्याचा प्रश्न' हा असावा आणि तो विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात लिहावा. वहीची एक प्रत त्याच्याकडे राहावी. 'निरंक' हा शब्द त्या वहीतून हद्दपार करावा. अठरा वर्षांच्या माणसाला प्रश्न नाही, असे होत नाही. त्याला कोणी विचारले नाही, एवढेच होते.

पाचवी, पहिल्या वा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाशी दोन वेळा बोलल्याशिवाय त्याच्या कागदावर सही होऊ नये. त्यातली एक भेट विद्यार्थ्याने निवडलेल्या माणसाशी असावी. तो का चालला आहे हे लिहून ठेवावे आणि विद्यापीठाने दरवर्षी ते जातवार, जिल्हावार आणि मुलामुलींचे वेगवेगळे प्रसिद्ध करावे. धाराशिवच्या उपपरिसराने आमच्या जिल्ह्यापुरते हे काम हाती घेतले तरी मोठी गोष्ट होईल. ऊसतोडीच्या हंगामात परीक्षा येते आणि मुले गळतात, हे त्या नोंदीतून पहिल्याच वर्षी वर येईल, आणि मग पुरवणी परीक्षेची मागणी आकड्यांनिशी करता येईल.

आणि सहावी गोष्ट आपली, म्हणजे कार्यकर्त्यांची आणि शिकलेल्यांची. जयंतीच्या वर्गणीतून जूनमध्ये पंधरा दिवसांचे एक टेबल बुद्धविहारात मांडता येणार नाही का? गावातल्या दोन पदवीधरांनी तिथे बसावे. आपल्याला माहीत असलेले सांगावे, माहीत नसलेले विचारून सांगावे. विद्यापीठाकडे मागणी करण्याचा अधिकार आपल्याला आहेच, पण ते देईपर्यंतचा जून रिकामा जाऊ देण्याचा अधिकार नाही. हे टेबल म्हणजे विद्यापीठाला सूट नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. त्या टेबलावर आलेला प्रत्येक प्रश्न लिहून तो विद्यापीठाच्या दारात नेऊन ठेवायचा आहे.

दलित आत्मकथनांनी आपल्याला सांगितले की माणूस म्हणून नाकारले जाणे म्हणजे काय. आता ही पुस्तके वर्गात शिकवताना मी विद्यार्थ्यांना आणखी एक प्रश्न विचारतो: या पानावरचा अर्ज कोणी भरला? आधी वर्ग गप्प राहतो. मग एक हात वर येतो, मग दुसरा. 'सर, माझापण नेटवाल्यानंच भरला.' 'माझा मामानं.' 'माझा कुणी भरला तेच माहीत नाही.' तिथून पुढचा तास पुस्तकाचा राहत नाही, आणि तरीही पुस्तकाचा त्याहून चांगला तास मी कधी घेतलेला नाही.

ती मुलगी यंदा पुन्हा प्रवेश घ्यायचा म्हणते आहे. घेईलच असे नाही. उचल फिटलेली नाही. पण मी तिच्या घरी जाऊन आलो. भूगोल कोणत्या महाविद्यालयात आहे, तिथे जायला एसटीचा पास कसा निघतो, वसतिगृहाचा अर्ज कधी सुटतो, हे एका कागदावर लिहून दिले. तिने तो कागद वाचला आणि विचारले, "सर, नकाशे काढायचं काम मिळतं का कुठं?"

मला उत्तर येत नव्हते. मी म्हणालो, "विचारून सांगतो." नोंदवहीत तिच्या नावापुढचे 'निरंक' खोडून मी तिचा तो प्रश्न लिहिला आहे.